ओढ्यातल्या बेडकाची नवी जात : शोधापासून नामकरणापर्यंत, सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

पावसाळा सुरू झाला की दर वर्षी तीन-चार विद्यार्थी मला फोटो पाठवतात. कोणी आंबोलीला जाऊन आलेला असतो, कोणी कोयनेच्या खोऱ्यात. फोटोत ओढ्याकाठच्या दगडावर बसलेला, जरा निराळ्या रंगाचा बेडूक असतो आणि खाली एकच प्रश्न असतो: "सर, ही नवी जात असेल का?" एका फोटोवरून याचे उत्तर देता येत नाही. ओढ्यात आपल्याला सापडतो तो एक बेडूक; तो नव्या जातीचा आहे हे ठरते ते मागाहून, आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी त्याला ताडून पाहिल्यावर. हे ताडून पाहण्याचे काम कसे करतात आणि सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात राहणाऱ्याने त्याची तयारी कशी करावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. वृत्तपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सरसकट वापरला जातो, त्यामुळे नेमके काय सापडले हे वाचकाला कळत नाही. या लेखात 'जाती' म्हणजे आपापसांत प्रजनन करणारा, स्वतंत्र वाटेने उत्क्रांत होत आलेला गट, आणि 'वंश' म्हणजे अशा जवळच्या जातींचा समूह. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा असतो आणि दुसरा जातीचा. निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी या नावात निक्टिबॅट्रॅकस हा वंश आहे, आणि हुमायुनी हा शब्द जोडला की त्या वंशातली एक जात ठरते.

पहिली पायरी : आपल्या गावचे बेडूक

सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. आपले ओढे हस्ताच्या पावसानंतर काही आठवडे वाहतात आणि मग त्यांत नुसती डबकी उरतात. बारमाही, थंड, सावलीतल्या प्रवाहाला धरून राहणारे सह्याद्रीतले बेडूक इथे जगूच शकत नाहीत, म्हणून अनेक जण सोलापुरात बेडकांचा अभ्यास करण्यासारखे काही नाही असे मानतात. माझे मत नेमके उलट आहे. डोळा तयार करायला आपला जिल्हा उत्तम आहे, कारण इथे मोजक्याच जाती आहेत आणि त्या मोठ्या संख्येने, सहज, घराजवळ दिसतात.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की शेतातल्या साचलेल्या पाण्यात मोठ्या बेडकाचे नर पिवळेधमक होतात आणि ओरडताना त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. आठवड्याभरात तोच नर पुन्हा मळकट हिरवा झालेला दिसतो. हिप्परग्याच्या तलावाच्या कडेला पाण्याबाहेर नुसते डोळे काढून बसणारा आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून टप्पे घेत पळणारा बेडूक वर्षभर पाहता येतो. मातीत पाठीमागून शिरणारा, टाचेजवळ फावड्यासारखा कडक उंचवटा असलेला बेडूक पहिल्या पावसानंतर रात्री बाहेर येतो. पाठीवर गडद नक्षी असलेला, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा चिमुकला बेडूक तर आकाराच्या मानाने इतका मोठा आवाज काढतो की नवखा माणूस तिथे भलताच मोठा बेडूक शोधत बसतो.

पहिल्या पावसाळ्यात एकच अभ्यास करा. एका डबक्यातल्या, एकाच जातीच्या वीस बेडकांचे, हात न लावता, वरून आणि बाजूने फोटो काढा आणि घरी येऊन ते शेजारी शेजारी लावा. भाताच्या खाचरांत आणि डबक्यांत आढळणाऱ्या साध्या बेडकांत काहींच्या पाठीच्या मधोमध पिवळट रेघ असते, काहींच्या नसते. कोणी तपकिरी असतो, कोणी हिरवट, कोणाच्या पाठीवर विटकरी पट्टा असतो. हे सगळे एका जातीतले वैविध्य आहे. ज्याने हे वीस फोटो स्वतः लावून पाहिले आहेत, तो पुढे आंबोलीत नुसत्या रंगावरून नवी जात जाहीर करण्याची घाई करत नाही.

दुसरी पायरी : वंश ओळखायला शिकणे

जात ओळखण्याआधी वंश ओळखता आला पाहिजे, कारण तुलना कोणाशी करायची हे वंशावरूनच ठरते. सह्याद्रीच्या ओढ्यांवर काम करणाऱ्याने तीन वंश नीट समजून घ्यावेत. निक्टिबॅट्रॅकस म्हणजे रात्रबेडूक; या वंशाचे वर्णन प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १८८२ मध्ये केले आणि तो फक्त पश्चिम घाटात आढळतो. पाठीची सुरकुतलेली कातडी, शंकरपाळ्यासारख्या आकाराची बाहुली आणि नराच्या मांडीवरच्या ग्रंथी या त्याच्या खुणा आहेत. इंडिराना वंशातले बेडूक लांब उड्या मारतात आणि त्यांचे भैकेर, म्हणजे शेपटीची पिल्ले, वाहत्या पाण्यात न राहता ओल्या कातळावर चिकटून वाढतात. पाण्याची नुसती फिल्म असलेल्या उभ्या दगडावर लांब शेपटीचे जीव वळवळताना दिसले, तर ते बहुधा याच वंशाचे असतात. तिसरा वंश मायक्रिक्सॅलस. यातले नर खळखळाटात आवाज ऐकू जात नाही म्हणून मागचा पाय ताणून हलवतात आणि त्यामुळे त्यांना नाचरे बेडूक म्हणतात.

या तीन वंशांत अजून काम उरले आहे, हे गेल्या काही वर्षांनी दाखवून दिले आहे. २०११ मध्ये एकाच शोधनिबंधात निक्टिबॅट्रॅकसच्या बारा नव्या जाती आल्या, २०१४ मध्ये मायक्रिक्सॅलसच्या चौदा, आणि २०१७ मध्ये पुन्हा निक्टिबॅट्रॅकसच्या सात, ज्यांतल्या चार जाती १२ ते १५ मिलिमीटरच्या आसपास भरणाऱ्या, अंगठ्याच्या नखावर मावतील इतक्या लहान आहेत. महाराष्ट्रातले उदाहरण हवे असेल तर आंबोलीचे इंडिराना चिरावासी घ्या. २०१४ मध्ये वर्णन झालेल्या या बेडकाचे नाव तो दगडांच्या चिरांत राहतो म्हणून पडले.

सर्व ज्ञात उभयचरांची अद्ययावत यादी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तिथे प्रत्येक जातीचे मूळ वर्णन कोणी, कधी, कुठल्या नमुन्यावरून केले हे दिलेले असते. तुमच्या वंशातल्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन मिळवा आणि वाचा. एकोणिसाव्या शतकातली वर्णने अनेकदा चार-सहा ओळींचीच असतात आणि त्यांत ठिकाण म्हणून नुसते 'मलबार' असेही लिहिलेले असते. ती वाचताना चिडचिड होते, पण त्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. जुने नाव वैध असेल तर तुमचा 'नवा' बेडूक दीडशे वर्षांपूर्वीच नाव मिळवून बसलेला असू शकतो.

तिसरी पायरी : परवानगी

बेडूक पाहणे, फोटो काढणे आणि आवाज नोंदवणे राखीव क्षेत्राबाहेर कोणालाही करता येते. पकडणे, ऊतीचा तुकडा घेणे किंवा नमुना जतन करणे या गोष्टींना मात्र लेखी परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वैज्ञानिक संशोधनासाठी अशी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते आणि महाराष्ट्रात तो अर्ज नागपूरला जातो. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा मान्यताप्राप्त संस्थेतल्या संशोधकामार्फत करावा. अर्ज जानेवारीतच द्यावा, कारण कागद हलायला महिने लागतात आणि पाऊस थांबत नाही. परवाना हातात नसताना 'एकच घेतो' म्हणून बेडूक बाटलीत घालणे हा गुन्हा आहे, आणि अशा नमुन्यावर आधारलेला शोधनिबंध कोणतेही चांगले नियतकालिक घेत नाही.

चौथी पायरी : ओढ्यावरची रात्र

सोलापूरहून घाटमाथा गाठायला रात्रीचा प्रवास धरावा लागतो, म्हणून एका दिवसाची सहल करू नका. एकाच ओढ्यावर किमान चार-पाच रात्री मुक्काम करा. दिवसा ओढा पाहून घ्या, निसरडे दगड आणि बाहेर पडायच्या वाटा लक्षात ठेवा, गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि अंधार पडल्यावर प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत जा, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ मागे राहतो आणि पुढचे पाणी स्वच्छ दिसते. डोक्यावरचा टॉर्च, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि काठी लागतेच. दगडाखाली किंवा पाल्यात थेट हात घालू नका, कारण बेडूक शोधायला साप आपल्या आधी आलेला असतो. वर डोंगरात पाऊस वाढला आणि पाण्याचा रंग बदलला, तर हातातले काम सोडून ताबडतोब काठावर या.

हातांना डासांचे औषध, सनस्क्रीन किंवा तंबाखू-चुना लागलेला असता कामा नये. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि हातावरचे रसायन सरळ त्याच्या अंगात जाते. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट आणि जाळी घासून, जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण वाळवावीत. जगभरातल्या बेडकांचा नाश करणाऱ्या काइट्रिड बुरशीची सह्याद्रीतही नोंद झाली आहे, आणि ती आपल्या बुटांवरून एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. या एका बाबतीत मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीही सवलत देत नाही.

काय पाहायचे, याचे एक उदाहरण देतो. महाराष्ट्राच्या घाटांत आढळणारा निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी हा रात्रबेडूक. १९५५ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून त्याला नाव मिळाले. त्याचा नर पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा दगडाच्या कडेवर बसून ओरडतो. टॉर्च थोडा बाजूला धरून, न हलता बसलात, तर मादी हळूहळू त्याच्याकडे येताना दिसते. नर तिच्या पाठीवर चढतो, पण बहुतेक बेडकांसारखी तिला घट्ट मिठी मारत नाही. तो हात पानावर टेकून नुसता तिच्यावर पसरतो आणि थोड्या वेळाने उतरून जातो. अंडी मादी त्यानंतर घालते आणि तिच्या पाठीवरून ओघळलेल्या शुक्रद्रवाने ती फलित होतात. या पद्धतीचे सविस्तर वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे बेडकाला नाव मिळाल्यावर साठ वर्षांनी. पानाखाली लोंबणाऱ्या त्या पारदर्शक अंड्यांतून पिल्ले वाढतात आणि सरळ खालच्या पाण्यात पडतात. अंडी कुठे, पाण्यापासून किती उंचीवर आणि किती होती, हे ज्याने त्या रात्री लिहून ठेवले, त्याच्याकडे जातीच्या वर्णनाला लागणारा खरा पुरावा असतो.

वागणुकीवरूनही जात वेगळी दिसू लागते. कर्नाटकातला निक्टिबॅट्रॅकस कुंबारा हा बेडूक २०१४ मध्ये शास्त्राला कळला. त्याचा नर हातांनी चिखल उचलून अंड्यांवर लिंपतो, म्हणून त्याला कुंभाराचे नाव मिळाले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या वाचकांना 'कुंबार' हा कन्नड शब्द समजावून सांगायला नको.

नोंदवहीत प्रत्येक बेडकामागे तारीख, वेळ, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, हवेचे आणि पाण्याचे तापमान, बसण्याची जागा आणि तो काय करत होता हे लिहा. भैकेरांनाही विसरू नका. केरळातल्या नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस या बेडकाचे वर्णन २००३ मध्ये आले, पण ओढ्यात दगडाला तोंडाने चिकटून राहणाऱ्या त्याच्या पिल्लांचे वर्णन १९१८ मध्येच झालेले होते. ती कोणाची पिल्ले हे कळायला पंच्याऐंशी वर्षे गेली.

पाचवी पायरी : आवाज

मादी आपल्या जातीच्या नराला आवाजावरून ओळखते, त्यामुळे दिसायला सारख्या असणाऱ्या दोन जाती अनेकदा आवाजाने पकडता येतात. माइक बेडकापासून अर्धा ते एक मीटरवर धरा, ओरडणारा बेडूक स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद त्याच्या नावावर टाकू नका, आणि ध्वनिफीत एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा, कारण एमपीथ्रीत आवाजाचा काही भाग गाळला जातो. लगेच तापमान मोजा. बेडकाच्या अंगाचे तापमान भोवतालाप्रमाणे बदलते आणि त्याबरोबर ओरडण्याचा वेगही, म्हणून तापमान नसलेल्या दोन नोंदींची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. घरी ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत आवाजाचा आलेख काढून एका सादेची लांबी, तिच्यातले स्पंद आणि सर्वांत ठळक कंप्रता (आवाज किती उंच किंवा खालच्या पट्टीचा आहे ते) मोजता येते.

सहावी पायरी : नमुना, ऊती आणि चिठ्ठी

नवी जात सिद्ध करायला जतन केलेला नमुना लागतो, म्हणजे काही बेडकांचा जीव घ्यावा लागतो. हे मला आजही जड जाते आणि जड जावेच असे मला वाटते. म्हणूनच हे काम परवानाधारक, प्रशिक्षित संशोधकाने, भूल देऊन, वेदना न होऊ देता आणि कमीत कमी संख्येत करावे. नवख्याने फक्त शेजारी बसून शिकावे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी जिवंतपणीचे रंगीत फोटो, मग यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा लहान तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये, आणि त्यानंतरच उरलेला नमुना फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करून सत्तर टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिन आधी लागले तर डीएनए बिघडतो.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. माझ्या पहिल्या मोहिमेत, ज्येष्ठ संशोधकांच्या पथकाबरोबर असताना, अकरा नमुन्यांच्या चिठ्ठ्या मी सुवाच्य अक्षरात बॉलपेनने लिहिल्या होत्या. परतल्यावर बाटल्या उघडल्या तेव्हा इथेनॉल निळसर झाले होते आणि कागद कोरे होते. कोणता बेडूक कोणत्या ओढ्यातला, हे सांगायला काहीच उरले नव्हते. ठिकाण नसलेला नमुना शास्त्राला उपयोगी पडत नाही, आणि ते अकरा जीव माझ्या निष्काळजीपणामुळे वाया गेले. तेव्हापासून जाड कागद, पेन्सिल आणि नमुन्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, यांत मी कधीच बदल केलेला नाही.

सातवी पायरी : मोजमाप आणि डीएनए

डिजिटल व्हर्नियर कॅलिपरने मुस्कटाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्याचा व्यास, कर्णपटल, दोन नाकपुड्यांतले अंतर, नडगी आणि पाऊल मोजतात. शिवाय बोटांच्या टोकावरच्या चकत्या आणि पायाच्या बोटांमधला पडदा कुठपर्यंत आहे, हे चित्रासह नोंदवतात. एकाच माणसाने, एकाच हाताने सगळी मापे घ्यावीत आणि प्रत्येक माप तीनदा घ्यावे. सुरुवातीला तुमची तीन मापे आपसांतच जुळणार नाहीत. ती जुळू लागेपर्यंत प्रयोगशाळेतल्या जुन्या नमुन्यांवर सराव करा. नर आणि मादी वेगळे धरा, पिल्ले तुलनेत घेऊ नका, आणि लहान-मोठ्या बेडकांची तुलना शरीराच्या लांबीशी असलेल्या प्रमाणातच करा.

डीएनएसाठी बेडकांत बहुतेक वेळा १६एस आरआरएनए या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा सुमारे पाचशे अक्षरांचा तुकडा वाचतात आणि तो जेनबँक या खुल्या साठ्यातल्या नोंदींशी ताडतात. या जनुकात तीन टक्क्यांहून अधिक फरक दिसला तर वेगळ्या जातीची शक्यता तपासावी, असा एक प्रचलित संकेत आहे. अनेक नवखे हा संकेत निकाल समजतात आणि तिथेच फसतात. जेनबँकेतल्या काही नोंदींवर जातीचे नावच चुकीचे लावलेले असते. नदीच्या दोन काठांवरच्या एकाच जातीच्या समूहांतही बराच फरक पडलेला असू शकतो. म्हणून ज्या ठिकाणावरून जुन्या जातीचे मूळ वर्णन झाले, तिथलाच नमुना तुलनेला घ्यावा. शरीररचना, आवाज आणि डीएनए हे तीन साक्षीदार स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगत असतील, तेव्हा नवी जात म्हणायला हरकत नाही. दोनच बोलत असतील तर आणखी एक पावसाळा थांबा.

आठवी पायरी : नाव आणि प्रसिद्धी

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेने ठरतात; तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे आणि दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून नावांची मोजणी सुरू होते. शोधनिबंधात एक नमुना 'होलोटाइप', म्हणजे ज्याला ते नाव कायमचे बांधलेले असते असा मूळ नमुना, म्हणून स्पष्टपणे नेमावा लागतो, तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे ते सांगावे लागते आणि जवळच्या जातींपासून हा बेडूक कशाने वेगळा आहे ते शब्दांत मांडावे लागते. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापायचे असेल तर कामाची नोंद आधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत करावी लागते. नाव रोमन लिपीतच हवे, पण शब्द मराठी, कन्नड, कोणत्याही भाषेतला चालतो. पुरुषावरून ठेवले तर शेवटी 'ई' येतो, स्त्रीवरून ठेवले तर 'ए'. स्वतःचेच नाव देणे नियमात बसले तरी रीतीत बसत नाही. माझ्या मते माणसापेक्षा ठिकाण, सवय किंवा खूण सांगणारे नाव चांगले, कारण चिरावासी हे नाव वाचणाऱ्याला तो बेडूक कुठे शोधायचा हे लगेच कळते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातले पश्चिम विभागीय केंद्र. जमा करताना मिळणारा नोंदणी क्रमांकच निबंधात छापला जातो, त्यामुळे हे काम हस्तलिखित पाठवण्याआधी उरकावे.

निबंध छापून आल्यावर आवाजाच्या ध्वनिफिती, मोजमापांचे तक्ते आणि डीएनए क्रम खुल्या साठ्यात ठेवा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तुमचा निष्कर्ष तपासता येईल आणि चुकला असेल तर दुरुस्तही करता येईल. ज्या गावच्या ओढ्यात बेडूक सापडला, तिथल्या ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला मराठीत दोन पानांचे टिपण नेऊन द्या. मात्र समाजमाध्यमांवर नेमके अक्षांश-रेखांश टाकू नका, कारण पुढच्या शनिवारी त्याच ओढ्यात कॅमेरे घेऊन पन्नास माणसे उतरतात आणि पानाखालची अंडी तुडवली जातात.